टोपणनाव कुठलं घेऊ : अर्धाचोक, डुक्करवाला की १८४३६५७२?

बॉनेट उघडा : वाचक विचारतात, ताई सांगतात

मागच्या अंकात एकाने पत्राच्या शेवटी जाता जाता विचारलं होतं की जुन्या गाड्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर टोपणनाव काय घेऊ, आणि मी "हाक मारता येईल असं घ्या" एवढंच लिहून पुढच्या पत्राकडे वळले होते. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आलीत की ह्या वेळी कार्ब्युरेटर, क्लचप्लेट, रेडिएटरची गळती सगळं पुढच्या अंकावर ढकललंय. कोणाची खरी नावं छापत नाही, ज्याने जशी सही केलीय तशीच ठेवलीय.

प्रश्न : ताई, वडिलांची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी आहे, इंजिन, पत्रा, सीटा सगळं नीट करून घेतलंय. आता ग्रुपवर नाव टाकायला गेलो तर 'पद्मिनी' गेलेलं, 'पद्मिनी७९' गेलेलं, 'पद्मिनीलव्हर' पण गेलेलं, शेवटी 'पद्मिनीलव्हर७९_१' मिळतंय. घेऊन टाकू का?
– वैतागलेला, ठाणे

उत्तर : नका घेऊ हो. वाचणाऱ्याला वाटेल तुमचं पद्मिनी नावाच्या मुलीवर प्रेम आहे आणि लायनीत तुमचा नंबर दुसरा आहे.

मॉडेल लिहायचं आणि पुढे साल चिकटवायचं, हे सगळ्यांनाच सगळ्यात आधी सुचतं, म्हणून ते सगळ्यात आधी संपतं. बाहेर काही गाड्यांच्या बाबतीत त्या सालाला खरंच अर्थ असतो. फोर्ड मस्टँगवाले बघा, त्यांच्यात '६४ अँड हाफ' लावणारे असतात, कारण मस्टँग लोकांसमोर आली १७ एप्रिल १९६४ ला, फोर्डच्या कागदावर ती १९६५ चं मॉडेल, पण पहिल्या काही महिन्यांत बनलेल्या गाड्यांत आल्टरनेटरऐवजी जनरेटर आहे आणि असे बरेच बारीक फरक आहेत, तर तो 'हाफ' लावला की जाणकाराला लगेच कळतं ह्याच्याकडे पहिल्या लॉटमधली आहे. फोक्सवॅगन बीटलवाल्यांत ६७ ला तसाच मान. त्या साली अमेरिकेतल्या बीटलला ६ व्होल्ट जाऊन १२ व्होल्टची वायरिंग आली, १५०० सीसीचं इंजिन आलं, आणि त्या वर्षाचे कितीतरी पार्ट आधीच्याही गाडीला बसत नाहीत नि नंतरच्याही, म्हणजे नावात ६७ दिसलं की समजायचं हा गडी पार्ट शोधत फिरतोय.

तुमच्या ७९ चं तसं काही नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी १९६४ ला फियाट ११०० डिलाइट म्हणून निघाली, मधे थोडे दिवस प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी, आणि पुढे पाव शतक चेहरा जवळपास तोच. ७९ ची कुठली आणि ८१ ची कुठली हे लांबून ओळखून दाखवा, मी तुम्हाला जेवायला घालते.

त्यापेक्षा गाडीत बसा आणि हाताला काय लागतं ते बघा. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढची तिकोनी काच, थंडीत गाडी सुरू करायला ओढायचा चोक. माझं स्वतःचं नाव बरीच वर्षं 'अर्धाचोक' आहे. ज्याने फियाट चालवलीय त्याला विचारावं लागत नाही, की पूर्ण ओढला तर प्लग ओले होतात, नाही ओढला तर सुरूच होत नाही, आणि अर्ध्यावर धरून ठेवायचा म्हणजे एक हात तिथेच अडकतो. ज्याने नाही चालवली तो विचारतो, आणि मग बोलणं सुरू होतं, म्हणजे नावाने दोन्हीकडून काम केलं. 'धक्कास्टार्ट', 'तिकोनीकाच' ही मी तुम्हाला फुकट देते. 'काळीपिवळी' मात्र तुम्ही घेऊ नका, तुमची घरगुती गाडी आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून उतरली, ते नाव ज्याने मीटर खाली पाडलाय त्याच्यासाठी राहू द्या.

प्रश्न : अमेरिकन लोकांची नावं वाचून डोकं फिरतं. एक जण '१८४३६५७२', दुसरा 'एफसी७', तिसरा '४४०सिक्सपॅक'. ही नावं आहेत का एटीएमचे पिन? तिसरा तर जिमवालाच असणार.
– गोंधळलेला, चिंचवड

उत्तर : जिमवाला नाहीये, बहुतेक चांगला पोट सुटलेला असेल. ४४० म्हणजे इंजिनाचं माप, घनइंचात, आणि सिक्सपॅक म्हणजे त्यावर बसवलेले तीन कार्ब्युरेटर, प्रत्येकाला दोन-दोन नळ्या, एकूण सहा. डॉज कंपनीने स्वतःच दिलेलं नाव आहे ते, १९६९ च्या सुमाराचं.

पण तुमच्या तिघांतला मला सगळ्यात आवडलेला पहिला. १-८-४-३-६-५-७-२ ही शेवरलेच्या व्ही-एट इंजिनाची फायरिंग ऑर्डर आहे, म्हणजे आठ सिलिंडरमध्ये ठिणगी कुठल्या क्रमाने पडते तो क्रम. १९५५ ला शेवरलेचं ते छोटं व्ही-एट आलं आणि पुढे कित्येक दशकं ह्याच क्रमाने धडधडत राहिलं. आता हा आकडा पाठ कोणाचा असतो? ज्याने सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आठही वायरी एकदम काढल्या आणि मग कुठली कुठे लावायची ते विसरला, त्याचा. एकदा ती चूक केली की इंजिन खोकतं, सायलेन्सरमधून फटाके वाजतात, शेजारी बाल्कनीत येतात, आणि मग तो आकडा मरेपर्यंत विसरत नाही माणूस. म्हणून हे नाव घेणाऱ्याने न सांगता सांगितलंय की माझे हात काळे झालेत. फोर्डच्या जुन्या ३०२ घनइंची व्ही-एटचा क्रम वेगळा, १-५-४-२-६-३-७-८, आणि ह्या दोघांची भांडणं तुम्ही वाचली असतीलच, तिथे लोक एकमेकांना नुसते आकडे फेकून मारतात.

आपल्याकडे कोणी '१३४२' घेतलं तर? फियाटला तोच, अँबेसेडरला तोच, चार सिलिंडरच्या निम्म्या दुनियेला तोच. गाडी ओळखू येणार नाही पण मिस्त्री लोक हसतील, आणि मला विचाराल तर मिस्त्री हसणं जास्त कामाचं. बीटलवाल्याने १४३२ घ्यावं, ते मात्र सरळ उलटं मोजत गेल्यासारखं आहे.

एफसी७ हा रंगाचा कोड. १९७० च्या आसपास डॉज आणि प्लिमथ ह्या भावंडांनी रंगांना अशी काही नावं ठेवली होती की आज आइस्क्रीमवाले लाजतील, प्लम क्रेझी, गो मँगो, सबलाइम, टॉप बनाना. एफसी७ म्हणजे तो जांभळा प्लम क्रेझी. (हाच रंग प्लिमथच्या गाडीवर मारला की त्याचं नाव बदलायचं, इन-व्हायोलेट. भाऊ-भाऊ असले तरी दुकानं वेगळी.) तर ज्याच्याकडे त्या रंगाची गाडी आहे तो थेट कोडच नाव म्हणून लावतो, गाडीच्या बॉनेटखालच्या छोट्या पाटीवर तो कोड ठोकलेला असतो, मुद्दाम वाकून वाचावा लागतो.

इथे एक धोका पण सांगते. कोड नावात घेतला की लोक तपासतात. 'झेड२८' हा शेवरलेच्या कॅमारोचा ऑप्शन कोड, म्हणजे कारखान्यातूनच मागवायच्या खास पॅकेजचा कोड, १९६७ ला पहिल्या वर्षी अशा फक्त ६०२ गाड्या निघाल्या, आता ६७ चं नाव लावून फिरणारे किती असतील तुम्हीच विचार करा. 'के-कोड' मस्टँग म्हणजे २७१ हॉर्सपॉवरचं २८९ इंजिन, आणि ते खरं की खोटं हे कळायला गाडीच्या चासी नंबरातलं पाचवं अक्षर बघायचं, के असेल तर के, नाहीतर नाही. फोटो टाकलात की कोणीतरी तिसऱ्या मिनिटाला झूम करून तेच बघतो. काही जण म्हणून सरळ नावातच 'क्लोन' लावतात, की बाबांनो ही बनवलेली आहे, ओरिजिनल नाही, आता भांडू नका. मला ते लोक फार आवडतात.

प्रश्न : ताई, आमच्याकडं ५५ सालची फियाट ११०० हाय. आमच्या पंचक्रोशीत तिला डुक्कर फियाटच म्हणत्यात म्हणून मी नाव 'डुक्करवाला' घेतलं. ग्रुपवर दिल्लीचं एक जण म्हणतंय हे नाव वाईट दिसतं, आणि घरातनं पण तेच ऐकाय लागतंय. बदलू का?
– डुक्करवाला, कोल्हापूर

उत्तर : अजिबात बदलू नका! इतकं खणखणीत नाव मिळायला लोक तरसतात. त्या गाडीचं ते गोल नाक आणि फुगीर पाठ बघितली की दुसरं नाव सुचत पण नाही, आणि ते कुठल्या कंपनीने नाही, रस्त्यावरच्या माणसांनी ठेवलंय.

दिल्लीकरांना सांगा की जगभर हेच चालतं. इटलीत १९३६ ला फियाट ५०० आली तिला लोकांनी टोपोलिनो म्हटलं, म्हणजे उंदराचं पिल्लू. जर्मनीत सिट्रोएन टू-सीव्हीला बदक म्हणतात. इंग्लंडची ऑस्टिन हीली स्प्राइट, १९५८ ची, तिचे हेडलाइट बॉनेटवर डोळे वटारून बसलेले, तर इंग्रज तिला बेडूकडोळी म्हणतात आणि अमेरिकन किडाडोळी, आणि ह्या दोन नावांवरून कोण कुठल्या देशातला ते ग्रुपवर पहिल्याच दिवशी कळतं. पाँटियाक जीटीओ एवढी दांडगी गाडी, तिला पोरं गोट म्हणतात, बकरा. आणि बीटल! फोक्सवॅगनच्या कागदावर ती साधी टाइप वन, किडा तिला लोकांनी केलं. मेक्सिकोत तीच व्होचो, ब्राझीलमध्ये फुस्का, म्हणून एखाद्याच्या नावात 'व्होचो' दिसलं तर तो बहुतेक मेक्सिकोकडचा, जिथे प्वेब्ला शहरात जगातली शेवटची जुनी बीटल ३० जुलै २००३ ला बाहेर पडली.

म्हणजे उंदीर, बदक, बेडूक, किडा, बकरा सगळे मानाने फिरतायत आणि आपल्या डुक्करानेच का लाजायचं? फक्त एक करा, नाव देवनागरीतच ठेवा. रोमन लिपीत लिहिलंत की परका माणूस ते भलत्याच पद्धतीने वाचतो आणि गंमत जाते. घरच्यांना माझ्याकडून नमस्कार सांगा, आणि पुढचे दरवाजे उलटे उघडतात त्या गाडीचे, तर साडी सांभाळून उतरा म्हणावं.

प्रश्न : माझ्याकडे गाडी नाही, खोलीत जॅग्वार ई-टाइपचं पोस्टर आहे. 'ईटाइप' नाव घेतलं तर चालेल?
– पोस्टरवाला, सांगली

उत्तर : सहीच इतकी छान केलीत, तेच घ्या की.

प्रश्न : आजोबांच्या अँबेसेडरचा नंबर घरात सगळ्यांना पाठ आहे, शाळेच्या दप्तरावर पण आम्ही तोच लिहायचो. तोच पूर्ण नंबर टोपणनाव म्हणून घ्यावा असं भाऊ म्हणतो, बायको म्हणते डेंजर आहे. कोण बरोबर?
– नातू, पुणे

उत्तर : बायको. पण भावाचं पण ऐकून घ्या, कारण नंबरावरून गाडी ओळखायची पद्धत खूप जुनी आणि खूप खानदानी आहे. इंग्लंडमध्ये नंबर गाडीबरोबरच राहतो, मालक बदलले तरी, त्यामुळे नामी गाड्यांना लोक नंबरानेच हाक मारतात. १९६४ ची माँटे कार्लो रॅली पॅडी हॉपकर्कने ज्या मिनीत जिंकली ती '३३ ईजेबी'. जॅग्वार ई-टाइप मार्च १९६१ ला जिनिव्हात लोकांनी पहिल्यांदा बघितली, तिथे फिरवायला आणलेल्या दोन गाड्या म्हणजे '९६०० एचपी' आणि '७७ आरडब्ल्यू', आणि आजही जॅग्वारवाल्या म्हाताऱ्यांना नुसतं ७७ आरडब्ल्यू म्हटलं तरी डोळ्यात पाणी येतं.

आपल्याकडे एमएच आणि पुढे जिल्ह्याचा आकडा ही पद्धत नंतरची, त्याआधी नंबराच्या सुरुवातीला नुसती अक्षरं असायची, मुंबईच्या जुन्या गाड्यांवर ते बीएम वगैरे दिसतं ना तसं. तो जुना नंबर टिकलेला असणं हेच मोठं. २०२१ ला केंद्राने नियम आणला, पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, नव्याने नोंदणी असेल तर नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि ज्यांची गाडी आधीच नोंदलेली आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो. तर तुम्ही तो जपा, पण चारचौघांत पूर्ण उघडा करू नका. हल्ली नंबर टाकला की मोबाईलवर गाडीची बरीच माहिती निघते, आणि नाव म्हणजे तुम्ही रोज, प्रत्येक मेसेजच्या वर, तो नंबर लावणार, खाली गाडीचे फोटो, मागे सोसायटीचं गेट. जुन्या गाड्यांचे हेडलाइट, बिल्ले, व्हीलकप चोरीला जातात हे मी तुम्हाला सांगायला नको. नुसती पहिली तीन अक्षरं घ्या, किंवा शेवटचे दोन आकडे. घरच्यांना कळेल, चोराला नाही.

प्रश्न : मी इथे मिशिगनमध्ये १९७६ पासून आहे. तेव्हा हायवेवर ट्रकवाल्यांचे सीबी रेडिओ असायचे आणि प्रत्येकाचं एक 'हँडल' असायचं. आत्ताच्या ह्या टोपणनावांचं मूळ तेच का?
– जुना डेट्रॉइटकर

उत्तर : मूळ एकच असेल असं नाही म्हणणार मी, पण नातं नक्की आहे, तो 'हँडल' शब्द सुद्धा आजही तिकडे वापरतातच. इतर वाचकांसाठी सांगते, १९७३ च्या ऑक्टोबरात तेलाची बोंब झाली, अमेरिकेत पुढच्या वर्षी जानेवारीत हायवेवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आणली, आणि ट्रकवाले रेडिओवरून एकमेकांना सांगायला लागले की इंधन कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत. आता अशा वेळी खरं नाव कोण सांगेल? सरकारने दिलेला कॉल साइन वापरायचा नियम होता, पण लोक आपलं ठेवलेलंच नाव वापरायचे. राष्ट्राध्यक्ष फोर्ड ह्यांच्या पत्नी बेटी फोर्ड ह्यांचं सुद्धा हँडल होतं, 'फर्स्ट मामा'.

त्या नावांची एक अट होती जी मला आजही लागू वाटते. ती रेडिओच्या खरखरीतून ऐकू यायला लागायची. 'पद्मिनीलव्हर७९ अंडरस्कोर एक' खरखरीत कोणाला ऐकू येईल सांगा. रॅलीला, मीटला लोक छातीवर तेच नाव लावून येतात, पार्किंगच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ओरडायची वेळ येते, तेव्हा आकडे आणि आडव्या रेघा कोणी ओरडत नाही.

अजून एक नातं तुमच्याच तिकडचं, ती पैसे भरून घेतलेली मनपसंत नंबरप्लेट. अक्षरं मोजून पाच-सात मिळतात, मग लोक स्वर खातात, शब्दाच्या जागी आकडा टाकतात, आणि तीच सवय पुढे ऑनलाइन नावांत आली. आपण काही कमी नाही म्हणा. महाराष्ट्रात ४१४१ नंबर घेऊन तो 'दादा' दिसेल असा रंगवणारे, २१४ चा 'राम' करणारे, ८०५५ चा 'बॉस' करणारे गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांना दंडही होतो कारण प्लेटवर अशी कलाकारी चालत नाही. ऑनलाइन दंड नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी ती तिथे भागवावी, आरटीओचं काम वाचेल.

प्रश्न : ताई, माझ्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे, मी स्वतः चालवते आणि स्वतः काम करते. ग्रुपवर स्वतःच्या नावाने होते तर प्रत्येक फोटोखाली "मिस्टरांची का?" आणि मग मेसेजमध्ये नको ते. पुरुषी वाटेल असं नाव घेतलं तर सुटेन, पण ते लपल्यासारखं वाटतं. काय करू?
– हेराल्डवाली, नाशिक

उत्तर : हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण 'अर्धाचोक' ला पण बरीच वर्षं लोक "सर" म्हणत होते. मी काही दुरुस्त केलं नाही त्यांना. पहिल्यांदा मजा वाटायची, मग लक्षात यायला लागलं की "सर" च्या सल्ल्याला लोक थँक्यू म्हणतात आणि "मॅडम" च्या सल्ल्यावर दुसऱ्या कोणाचं तरी मत मागवतात. त्यामुळे तुम्हाला धीट व्हा, स्वतःच्याच नावाने मिरवा, असं लांबून सांगणं मला जमणार नाही, मेसेज तुम्हाला येतात, मला नाही.

पण पुरुषी नाव आणि स्वतःचं नाव ह्याच्या मधे खूप जागा आहे. पार्टचं नाव घेतलं की ना स्त्री ना पुरुष, लोक आधी गाडीचं बोलतात. ज्याला कळायचं त्याला हळूहळू कळतं, आणि तोपर्यंत तुमचा टॅपेट सेटिंगचा सल्ला त्याने वापरून झालेला असतो. हेराल्डमध्ये तर खजिना आहे, ते आख्खं पुढचं तोंडच बॉनेटसकट पुढे कलंडतं, चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं, अशी सोय किती गाड्यांत आहे? 'आख्खंबॉनेट' कसं वाटतं? किंवा मद्रासला १९६१ पासून बनायची म्हणून 'मद्रासहेराल्ड', जरा वर्तमानपत्रासारखं वाटतं ते, पण भारदस्त आहे.

आणि अगदीच कोणाला टोला हाणायचा असेल तर 'टोपीचीपिन' घ्या. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी गाडी आणि दोन मुलं घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, शंभरेक किलोमीटर. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती हिने टोपीच्या पिनेने साफ केली, वायर उघडी पडली तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. मोटारगाडीचा जगातला पहिला लांबचा प्रवास तो. "मिस्टरांची का?" असं कोणी विचारलं तर सांगा, हो, त्यांचीच होती, चालवली कोणी ते बघा.

घाणेरडे मेसेज करणाऱ्याचा मात्र स्क्रीनशॉट काढून ग्रुप चालवणाऱ्यांना पाठवा, त्याला टोपणनाव हा उपाय नाही.

प्रश्न : आमची मॉरिस मायनर आहे, इंग्लंडहून आलेली. लाइट कधी लागतात, कधी नाही. काहीतरी विनोदी नाव सुचवा.
– मडगावकर

उत्तर : इंग्लिश गाड्यांची वायरिंग, डायनमो, दिवे सगळे लुकास कंपनीचे असायचे, आणि ते इतके दगा द्यायचे असा लोकांचा अनुभव की कंपनीच्या संस्थापकालाच 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' अशी पदवी मिळाली. त्यामुळे 'प्रिन्सऑफडार्कनेस' तुम्हाला एमजी, ट्रायम्फ, मॉरिस सगळ्यांच्या ग्रुपवर भेटेल, तो विनोद आता झिजलाय. तुम्ही 'लोडशेडिंग' घ्या. आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न : मी मराठीचा शिक्षक आहे. कुसुमाग्रज, गोविंदाग्रज अशी आपली टोपणनावांची थोर परंपरा असताना हे चोक नि बॉनेट कशाला? मी 'पद्मिनी-अग्रज' असं घेण्याच्या विचारात आहे.
– एक शिक्षक, सातारा

उत्तर : सर, तुम्हीच शिकवता त्याप्रमाणे संधी केला तर ते 'पद्मिन्यग्रज' होईल. पार्किंगमध्ये ओरडून बघा एकदा.

प्रश्न : बाबांची १९८५ ची मारुती ८०० आहे. ही क्लासिक का? आणि नावात 'मारुती' घेतलं तर लोक हनुमानाचा ग्रुप समजतील का?
– चिंटू नाही, डोंबिवली

उत्तर : जगभरात साधारण तीस वर्षं झाली की जुनी गाडी म्हणून मान मिळतो, त्या हिशोबाने झालीच की क्लासिक. पहिली ८०० दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ ला दिली गेली, आणि त्या सुरुवातीच्या चौकोनी गाडीला जाणकार 'एसएस८०' म्हणतात, १९८६ ला गोलसर नवं मॉडेल आलं त्याच्या आधीची. तुमच्याकडे तीच आहे. 'एसएस८०' नावात कुठेतरी बसवा, हनुमानाचा प्रश्न मिटला. माझा अंदाज, अजून दहा वर्षांनी ह्याच गाड्यांवरून सगळ्यात जास्त नावं निघतील, कारण आत्ताच्या पंचेचाळिशीतल्या माणसांनी लहानपणी मागच्या सीटवर उलटी केलेली गाडी तीच आहे.

प्रश्न : माझी अँबेसेडर मार्क टू मी गेल्या वर्षी विकली. ग्रुपवर माझं नाव 'खाकीमार्कटू', गाडीच्या खाकी रंगावरून. आता ज्यांनी गाडी घेतली ते म्हणतात नाव पण द्या, गाडी त्या नावानेच ओळखली जाते, अगदी अकाउंटचा पासवर्ड मागतायत. माणूस चांगला आहे. देऊ का? आणि गाडी नसताना मी ते नाव लावणं बरं दिसतं का?
– आता पायी, नागपूर

उत्तर : पासवर्ड देऊ नका, माणूस कितीही चांगला असला तरी. त्या नावाखाली तुम्ही इतकी वर्षं लिहिलंय, कोणाला गिअरबॉक्स ऑइल सांगितलंय, कोणाला वायपर मोटर पाठवलीय, कोणाशी ग्रिलवरून भांडलाय. उद्या हे गृहस्थ त्याच नावाने मार्क थ्रीच्या ग्रिलचं समर्थन करायला लागले तर लोक तुमची तब्येत विचारायला फोन करतील.

दुसरं, गाडी गेली म्हणून नाव सोडायची कोणी सक्ती करत नाही. उत्तरपाऱ्याचा कारखाना २०१४ ला बंद झाला म्हणून अँबेसेडरवाल्यांनी काय नावं बदलली का? कित्येक जणांच्या नावातली गाडी कधीच भंगारात गेलीय, विकली गेलीय, भावाच्या वाटणीला गेलीय, आणि तरी सगळे त्यांना त्याच नावाने ओळखतात, लग्नपत्रिकेवर सुद्धा कंसात तेच छापतात. फार तर पुढे 'माजी' लावा, आमदारांसारखं, वजन वाढेल.

पण त्या गृहस्थांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये. लोक गाडीला ओळखतात, फोटो बघून म्हणतात अरे ही तर खाकी. तर एक पोस्ट तुम्ही लिहा, की गाडी आता ह्यांच्याकडे आहे, आणि त्यांना त्यांचं नाव ठेवू द्या, 'खाकी_नागपूर', 'खाकीचानवामालक', काय हवं ते. त्यांना वर्षभरात गाडी स्वतःहून नवीन नाव देईल, पावसाळा येऊ दे फक्त, दरवाज्यातून पाणी कुठे येतं ते कळलं की सुचेल.

आणि तुमच्या गॅरेजात तिचे जे काही व्हीलकप, जुनी स्टेपनी, हँडल मारायचा रॉड पडला असेल, ते मात्र आजच देऊन टाका. ते मागायला त्यांना संकोच वाटत असेल म्हणून बिचारे पासवर्ड मागतायत.